नांदूर मध्यमेश्वर : पाणथळीचे शिक्षण कोणाला द्यायचे?

पावसाळ्यात मराठी वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना नांदूर मध्यमेश्वर हे नाव बहुधा विसर्गाच्या आकड्यांसोबत भेटते, कारण नाशिककडून जायकवाडी धरणाकडे जाणारे पाणी याच बंधाऱ्यावरून पुढे सरकते आणि किती हजार क्युसेक पाणी सुटले याची नोंद येथेच घेतली जाते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा दगडी बंधारा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरड्या मुलखाला कालव्याचे पाणी देण्यासाठी उभारला गेला. पक्ष्यांचा विचार त्यामागे नव्हता. बंधाऱ्यामागे पाणी थबकले, पाण्यासोबत आलेला गाळ दर पावसाळ्यात थोडा थोडा बसत गेला, त्यातून उथळ पाणी, दलदल, पाणगवताचे पट्टे आणि लहान लहान बेटे तयार झाली आणि काही दशकांत सिंचनाच्या या साठ्याची पाणथळ झाली. १९८६ मध्ये सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०१९ मध्ये त्यातील १,४३७ हेक्टरांना महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ हा मान मिळाला.

पाणथळ म्हणजे जिथे जमीन आणि पाणी यांची सीमा स्थिर नसते, जिथे वर्षातील काही काळ किंवा बाराही महिने उथळ पाणी असते आणि त्या पाण्यावरच तेथील वनस्पती व प्राणी बेतलेले असतात, अशी जागा. इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी अशा जागांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला आणि करार झाला तो दिवस आज जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळला जातो. या कराराचा गाभा 'सुज्ञ वापर' ही कल्पना आहे, म्हणजे पाणथळ कुंपण घालून माणसांपासून तोडायची नाही, तर तिचा नैसर्गिक व्यवहार चालू राहील अशा बेताने तिचा उपयोग करायचा. नांदूर मध्यमेश्वरच्या बाबतीत ही कल्पना विशेष महत्त्वाची ठरते, कारण येथे माणसाचा हात काढून घेतला तर पाणथळच उरणार नाही. गंगापूर आणि दारणा या वरच्या धरणांतून आवर्तन सुटते, म्हणजे ठरलेल्या पाळीने सिंचनासाठी पाणी सोडले जाते, ते नदीच्या पात्रातून बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. पाणथळीची पातळी या पाळ्यांनुसार चढते आणि उतरते.

ही पातळी काही इंचांनी बदलली तरी पक्ष्यांच्या दृष्टीने सारे चित्र पालटते. लांब लाल पायांचा शेकाट्या घोटाभर-गुडघाभर पाण्यात उभा राहून चिखलातील किडे टिपतो, चमचा हा पक्षी चपटी चोच पाण्यात अर्धवट बुडवून डावी-उजवीकडे फिरवत मासे आणि शिंपले चाचपतो, तर थापट्या बदक आपली रुंद चोच पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढत नेते आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दातेरी पडद्यांतून पाणी गाळून सूक्ष्म जीव तेवढे आत ठेवते. कमळपक्षी तरंगत्या पानांवर लांब बोटे पसरून चालतो आणि जांभळी पाणकोंबडी पाणगवताच्या दाटीत राहते. युरोप, मध्य आशिया आणि सायबेरियातून हिमालय ओलांडून हिवाळ्यात उतरणारे चक्रवाक, तलवार बदक आणि इतर पाहुणे येथे आले की प्रत्येक खोलीच्या पाण्यात वेगळे बिऱ्हाड दिसते. अडीचशेहून अधिक पक्षिजातींची नोंद या परिसरात झाली आहे; शिवाय देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक चिमुकला, जगातून नाहीसा होण्याच्या अगदी काठावर असलेला मासाही या पाणथळीच्या रामसर नोंदीत आहे. गर्दी मात्र पक्ष्यांनाच मिळते आणि माशाकडे कोणी फिरकत नाही, ही पाणथळीच्या शिक्षणातली पहिली त्रुटी मानली पाहिजे.

या जागेला 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणण्याची प्रथा आहे आणि त्या उपाधीचे श्रेय पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांना दिले जाते. उपाधी गौरवाची आहे, पण भरतपूरचा पुढचा इतिहास पाहता ती सावधगिरीचीही ठरते. राजस्थानातील केवलादेव घाना हीदेखील बांध घालून घडवलेली पाणथळ. १९८२ मध्ये तेथे गुरेचराईवर अचानक बंदी आली, गावकऱ्यांचा उद्रेक झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दशकभराच्या अभ्यासातून नंतर असे दिसले की म्हशी ज्या पाणगवतावर चरत होत्या ते गवत त्या गेल्यावर बेसुमार माजले, उघडे पाणी आक्रसले आणि काही पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. पुढे गंभीर नदीवरील पांचना धरणाच्या पाण्यावरून वाद पेटला, वरचे शेतकरी आणि खालचे अभयारण्य एकमेकांसमोर उभे राहिले आणि काही वर्षे केवलादेव कोरडे पडले. संकटात असलेल्या रामसर स्थळांची जी आंतरराष्ट्रीय यादी ठेवली जाते, तिच्यात ते १९९० मध्येच दाखल झाले होते. गावकऱ्यांना चराईमागचे शास्त्र कोणी विचारले नाही आणि शास्त्रज्ञांचे निष्कर्ष हाती येईपर्यंत निर्णय होऊन गेला होता. ज्यांची म्हैस रोज त्या पाण्यात उतरते त्यांच्याजवळ त्या पाण्याचे काही ज्ञान असते, हे गृहीत धरल्याशिवाय लोकशिक्षणाचा आरंभच होत नाही.

निफाडच्या काठावर असे ज्ञान भरपूर आहे. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत जे पीक घेतले जाते त्याला गाळपेरा म्हणतात, आणि गाळपेरा करणाऱ्याला कोणत्या महिन्यात पाणी कुठवर मागे हटते हे नकाशाशिवाय ठाऊक असते. मासेमारीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या कुटुंबांना कोणता मासा कधीपासून जाळ्यात दिसेनासा झाला हे सांगता येते. अभयारण्याच्या घोषणेनंतर मासेमारी आणि जमिनीच्या वापरावर निर्बंध आले आणि या लोकांच्या मनात 'पक्षी मोठे की माणसे' हा प्रश्न उभा राहिला. तो प्रश्न चुकीचा ठरवून बाजूला सारता येत नाही. चापडगावच्या बाजूला वन विभागाने निरीक्षण मनोरे उभारले, स्थानिक तरुणांना पक्षी ओळखण्याचे शिक्षण देऊन मार्गदर्शक म्हणून तयार केले, पक्षी महोत्सव आणि हिवाळी पक्षिगणना सुरू झाली, त्यातून काही घरांत पाणथळीचे उत्पन्न पोहोचले. दुर्बिणीतून पाहुण्यांना चक्रवाक दाखवणारा गावातला मुलगा हे या प्रयत्नांचे सर्वांत मोलाचे फळ आहे, कारण त्याच्या घरी अभयारण्याविषयी बोलणे आता केवळ तक्रारीचे राहत नाही.

तरीही या सर्व शिक्षणाचा रोख काठावरच्या गावांकडेच राहिला आणि पाणी बिघडते ते बहुतांशी वरच्या बाजूला. नाशिक शहर गोदावरीच्या वरच्या अंगाला आहे. नासर्डी आणि वाघाडी या उपनद्या शहरातून वाहताना सांडपाणी घेऊन गोदावरीला मिळतात, तपोवन, आगर टाकळी, पंचक आणि चेहेडी येथील मलनिस्सारण केंद्रांतून प्रक्रिया झालेले पाणीही अखेर नदीतच येते, आणि द्राक्षबागा, ऊस व कांद्याच्या शेतांतून खतांचा निचरा त्यात मिसळतो. नायट्रोजन आणि फॉस्फरस यांनी पाणी असे गरजेपेक्षा जास्त समृद्ध होणे याला सुपोषण म्हणतात; शब्द चांगला वाटला तरी अवस्था घातक असते, कारण त्या पोषणावर पाणवेली माजतात.

पाणवेलीचे एक रोप हातात घेऊन पाहिले तर तिचे यश कशात आहे हे समजते. पानाचा देठ मध्येच फुगलेला असतो, तो कापला तर आत हवेने भरलेले स्पंजासारखे कप्पे दिसतात आणि म्हणून रोप बुडत नाही. खाली पिसांसारखी काळसर मुळे लोंबतात आणि चिखलाचा आधार न घेता पाण्यातूनच अन्न शोषतात. बाजूने निघालेल्या आडव्या फांदीच्या टोकाला पिल्लू रोप लागलेले असते, जे तुटून वेगळे झाले की नवा संसार मांडते. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी जगभर नेलेल्या या वनस्पतीची संख्या अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. तिच्या दाट थराखाली प्रकाश पोहोचत नाही, कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि पुराच्या वेळी वाहून आलेल्या पाणवेली बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला सायखेड्याच्या पुलाला अडकल्या की चांदोरी-सायखेडा परिसरात पाण्याचा फुगवटा वाढतो. यंत्राने काढलेल्या पाणवेली काठावर टाकल्या तर त्यातील पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यातच उतरतात. म्हणून वरचे सांडपाणी थांबेपर्यंत हे काम दरवर्षी नव्याने करावे लागते.

म्हणून पाणथळीच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा वर्ग नाशिकच्या शाळांत आणि गृहनिर्माण संस्थांत भरला पाहिजे. नववी-दहावीच्या अभ्यासक्रमात 'जलसुरक्षा' हा विषय आहेच; त्याला प्रत्यक्ष पाण्याची जोड देणे फार खर्चाचे नाही. काळ्या-पांढऱ्या चौथाईंत रंगवलेली वीतभर तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची, ही पद्धत मूळची पांढरी तबकडी घेऊन इटलीतील धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरली आणि आजही सरोवरांचा गढूळपणा तिने मोजतात. तळाचा चिखल बारीक जाळीत धुतला तर त्याहून बोलका पुरावा मिळतो : स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात चतुरांची आणि मेफ्लाय या नाजूक कीटकांची पिल्ले सापडतात, तर बिघडलेल्या पाण्यात लाल रंगाच्या बारीक अळ्याच तेवढ्या वळवळताना दिसतात, कारण त्यांच्या शरीरातील हिमोग्लोबिन अत्यल्प प्राणवायूतही त्यांना तगवते. गंगापूर धरणाजवळ, रामकुंडाच्या खाली आणि सायखेड्याला अशा तीन ठिकाणी एकाच दिवशी ही तपासणी करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या घरातून बाहेर पडलेले पाणी कुठे जाते हे वेगळे शिकवावे लागणार नाही. २०२७ च्या सिंहस्थात गोदाकाठी लोटणाऱ्या गर्दीपुढे ही माहिती मांडण्याची संधी कोणत्याही पक्षी महोत्सवापेक्षा मोठी आहे.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र गाळाचा आहे. बंधाऱ्यामागे शतकभर साचलेल्या गाळामुळे पुराचे पाणी वर चढते आणि पिके, घरे बुडतात, अशी वरच्या गावांची तक्रार आहे; गाळ काढावा ही त्यांची मागणी रास्त आहे. त्याच गाळाने बेटे, दलदल आणि उथळ पाणी घडवले असल्याने सरसकट उपसा झाला तर पाणथळीचे पुन्हा खोल तळे होईल आणि शेकाट्या, चमचा, थापट्या यांच्या पायाखालची जमीनच जाईल. नदीचा मुख्य प्रवाह मोकळा करून कडेची उथळ पाणथळ राखायची, पक्ष्यांच्या वीणकाळात आणि हिवाळी मुक्कामात यंत्रे उतरवायची नाहीत, निघालेला गाळ कोणाच्या शेतात जाणार हे आधी ठरवायचे, हा मार्ग आखता येतो. परंतु प्रवाहाची रेषा नेमकी कुठे ओढायची हे गाळपेरा करणारे शेतकरी, चांदोरी-सायखेड्याच्या ग्रामसभा, जलसंपदा विभाग आणि वन विभाग यांनी एका नकाशावर बसून ठरवावे लागेल, आणि त्या नकाशावर आवर्तनाचे वेळापत्रकही मांडलेले असावे लागेल.