मागणीनुसार विद्युत बससेवा : हथखोजच्या निमित्ताने

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. त्या कारखान्याभोवती वाढलेल्या उद्योगनगरीत हथखोज हे अवजड उद्योगांचे क्षेत्र आहे. औद्योगिक क्षेत्रातील प्रवासाची गरज दिवसभर सारखी नसते. पाळी बदलताना कामगारांची गर्दी होते, रात्री मात्र प्रवासी तुरळक असतात. अशा वेळी रिकामी बस चालविणे महाग पडते आणि ती बंद ठेवली तर ज्याच्याकडे दुचाकी नाही त्याला रात्रपाळीचा रोजगारच नाकारला जातो. या पेचावर मागणीनुसार धावणाऱ्या विद्युत बसचा उपाय सुचविला जातो. तो कितपत व्यवहार्य आहे?

संकल्पना आणि योजना

मागणीनुसार सेवेत प्रवासी मोबाइल किंवा दूरध्वनीवरून नोंदणी करतो. जवळपासच्या मागण्या एकत्र करून संगणक बसचा मार्ग ठरवितो. आवश्यक वाहनांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम-ईबस सेवा योजना मंजूर केली. तिचा अंदाजित खर्च ५७,६१३ कोटी रुपये असून त्यात केंद्राचे साहाय्य २० हजार कोटी रुपयांचे आहे. सार्वजनिक-खासगी भागीदारीतून १० हजार बस चालविणे हे तिचे उद्दिष्ट आहे. तिच्यात दुर्ग-भिलाईसाठी ५० बस मंजूर झाल्या.

खर्चाचे गणित

विद्युत बसची खरेदी महाग असते, पण प्रति किलोमीटर ऊर्जाखर्च कमी असतो. म्हणजेच स्थिर खर्च अधिक आणि बदलता खर्च कमी. अशी बस जितकी जास्त धावेल तितका तिचा सरासरी खर्च उतरतो. मागणीची वाट पाहत उभी असलेली बस हा लाभ गमावते.

प्रवासीसंख्येचा परिणाम तर याहून मोठा असतो. समजा, प्रति किलोमीटर खर्च ६० रुपये आहे. बसमध्ये २० प्रवासी असल्यास प्रत्येकामागे ३ रुपये पडतात. ५ असल्यास १२ रुपये. प्रवाशांना आणण्यासाठी दर तीनपैकी एक किलोमीटर रिकामे जावे लागले, तर हाच खर्च १८ रुपयांवर जातो.

अनुभव काय सांगतो?

हेलसिंकीतील ‘कुत्सुप्लुस’ ही मागणीनुसार मिनीबससेवा २०१२ मध्ये सुरू झाली. प्रवासी वाढत असूनही सार्वजनिक खर्चाचा भार न पेलल्याने ती २०१५ अखेर बंद झाली. मुंबईत बेस्टने डिसेंबर २०२२ मध्ये वेगळा मार्ग निवडला. बसचा मार्ग ठरलेला ठेवून ॲपवरून आसन आरक्षित करण्याची सोय असलेली विद्युत बससेवा तिने सुरू केली. मार्ग निश्चित असल्याने रिकाम्या फेऱ्यांचा प्रश्न तुलनेने सोपा होतो.

चाचणीचा आराखडा

हथखोजसारख्या क्षेत्रात पाळीच्या वेळा आधीच ठाऊक असतात. म्हणून गर्दीच्या वेळी ठरलेल्या मार्गावर मोठ्या बस आणि रात्री मागणीनुसार लहान बस, असे मिश्र स्वरूप अधिक योग्य ठरेल. रात्रीचा काळ सहसा चार्जिंगचाही असतो; त्यामुळे रात्री धावणाऱ्या बसचे चार्जिंग दिवसाच्या मोकळ्या वेळेत करावे लागेल.

करारही या स्वरूपाला साजेसा हवा. सकल खर्च करारात संचालकाला धावलेल्या किलोमीटरनुसार मोबदला मिळतो. कमी प्रवाशांची जोखीम सार्वजनिक प्राधिकरण उचलते. मागणीनुसार सेवेत केवळ किलोमीटर मोजल्यास रिकाम्या फेऱ्यांनाच उत्तेजन मिळेल. म्हणून बसची उपलब्धता आणि वक्तशीरपणा यांनाही मोबदल्यात स्थान द्यावे लागेल.

चाचणीचे मूल्यमापन पाच निकषांवर व्हावे : प्रति किलोमीटर प्रवासी, प्रतीक्षाकाळ, रिकामे अंतर, नाकारलेल्या मागण्या आणि प्रत्येक प्रवाशामागील अनुदान. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी दूरध्वनीवरील नोंदणी अनिवार्य असावी.

२००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य दिले. त्या कसोटीवर रात्रीच्या बसला लागणारे अनुदान हा केवळ तोटा ठरत नाही. कामगाराला रोजगारापर्यंत पोहोचविण्याची ती किंमत आहे. ती किती असावी आणि कोणी द्यावी, हे चाचणीपूर्वीच ठरले पाहिजे.