ऑनलाइन पदवीला नोकरीत मान किती?

नोकरी करून शिकणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग भरू लागले. आज तीच गरज मोबाईलवरचे वर्ग भागवतात. परंतु पालक आम्हाला विचारतात, "घरी बसून घेतलेली पदवी नोकरीत चालेल का?"

कायद्याने चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा स्पष्ट केले. मात्र विद्यापीठाला मान्यता असून भागत नाही. ती त्या अभ्यासक्रमाला आणि आपल्या प्रवेशाच्या सत्रालाही असावी लागते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, विधी यांच्या पदव्या या मार्गाने घेताच येत नाहीत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या पत्रव्यवहाराने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविरुद्ध निकाल दिला, तेव्हा त्या पदव्यांवर मिळालेल्या बढत्याही अडचणीत आल्या.

आमच्याकडे गोदामात रात्रपाळी करणारा एक तरुण आला होता. आईच्या भिशीचे पैसे त्याने एका एजंटाच्या हाती दिले. तीन वर्षांनी सरकारी नोकरीच्या कागदपत्र तपासणीत कळले, की त्या सत्रात अभ्यासक्रमाला मान्यताच नव्हती. मुलगा नापास झाला नव्हता, तरी तीन वर्षे वाया गेली.

खासगी नोकरीत प्रश्न वेगळा असतो. पदवी खरी असली तरी उमेदवार निवडणे मालकाच्या हाती असते. विद्यापीठ नावाजलेले आहे का, परीक्षा कडक झाली का, आणि मुख्य म्हणजे उमेदवाराला काम येते का, हे तो पाहतो. म्हणून मुलाखतीत पदवीची पद्धत लपवू नये. "दिवसा काम करून शिकलो" हे ताठ मानेने सांगावे; त्यातून चिकाटी दिसते. बी.कॉम. झालेल्याने टॅली आणि जीएसटीचे काम हाताने करून दाखवावे. वर्गातली चर्चा, मित्रमंडळ आणि ओळखी ऑनलाइन शिक्षणात कमी मिळतात. ती उणीव अनुभवाने भरून काढावी लागते.

फी भरण्यापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र ही तिन्ही नावे तपासावीत. २०२४ पासून नव्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याने तेथे स्वतः नोंदणी करून डीईबी आयडी घ्यावा लागतो. "त्याची गरज नाही" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. प्रवेश घेतानाही तो आचरणात आणू या.

जयभीम! नमो बुद्धाय!