नकाशावर नसलेल्या गावांसाठी: उपग्रह छायाचित्रांवरून नकाशे तयार करणाऱ्या स्वयंसेवकांचे प्रशिक्षण

२५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास नेपाळला ७.८ तीव्रतेच्या भूकंपाचा तीव्र धक्का बसला. गोरखा जिल्ह्यात केंद्रबिंदू असलेल्या या भूकंपात आणि त्यानंतरच्या धक्क्यांमध्ये सुमारे ९,००० नागरिक मृत्युमुखी पडले. डोंगरउतारांवरील असंख्य वस्त्यांचा संपर्क तुटला. मदत घेऊन निघालेल्या पथकांपुढील पहिला प्रश्न अन्नधान्याचा किंवा औषधांचा नव्हता. या वस्त्या नेमक्या कोठे आहेत, त्यांत किती घरे आहेत आणि तेथवर कोणत्या वाटेने पोहोचता येईल, याची माहितीच अनेक ठिकाणी उपलब्ध नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचे काम जगाच्या विविध भागांतील हजारो स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकासमोर बसून केले. उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे पाहून त्यांनी घरे, रस्ते, पायवाटा, हेलिकॉप्टर उतरू शकतील अशी मोकळी मैदाने आणि बेघर झालेल्यांचे तंबू नकाशावर नोंदवले. नेपाळी लष्कर आणि रेड क्रॉस यांसह अनेक यंत्रणांनी या नकाशांचा उपयोग केला. मात्र हे यश एका रात्रीत मिळालेले नव्हते. त्यामागे आधीच्या काही वर्षांतील प्रशिक्षण होते.

चळवळीचा प्रारंभ

कोणालाही भर घालता येईल आणि कोणालाही विनामूल्य वापरता येईल, असा जगाचा नकाशा तयार करण्याच्या हेतूने २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘ओपन स्ट्रीट मॅप’ हा प्रकल्प सुरू झाला. आपत्तीच्या काळातील त्याचे सामर्थ्य जगाच्या लक्षात आले ते १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये झालेल्या भूकंपानंतर. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा पुरेसा तपशीलवार नकाशा त्या वेळी उपलब्ध नव्हता. उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रे खुली करताच शेकडो स्वयंसेवकांनी काही दिवसांतच शहराचे रस्ते रेखाटले. त्याच वर्षी ‘ह्युमॅनिटेरियन ओपन स्ट्रीट मॅप टीम’ ही संस्था रीतसर स्थापन झाली.

आपत्ती कोसळल्यानंतर धावाधाव करण्यापेक्षा आधीच नकाशे तयार असावेत, या विचारातून नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘मिसिंग मॅप्स’ हा उपक्रम हाती घेण्यात आला. त्यात या संस्थेबरोबर अमेरिकन रेड क्रॉस, ब्रिटिश रेड क्रॉस आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ सहभागी झाल्या. त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत पसरलेल्या इबोलाच्या साथीने या विचाराला बळ दिले होते. गिनीमध्ये रुग्ण ज्या गावाचे नाव सांगत, ते गाव नकाशावर नसेल, तर संसर्गाचा माग काढणे आरोग्य पथकांना अवघड जात असे.

चौकोनांत विभागलेले काम

या कामासाठी ‘टास्किंग मॅनेजर’ नावाची संगणकीय व्यवस्था वापरली जाते. आपद्ग्रस्त प्रदेश लहान लहान चौकोनांत विभागला जातो. स्वयंसेवक एक चौकोन निवडतो आणि ठरावीक काळासाठी तो त्याच्यापुरता राखून ठेवला जातो. त्यामुळे एकाच जागी दोघांचे काम होत नाही. चौकोन पूर्ण झाला की त्याचा रंग बदलतो आणि तो अनुभवी स्वयंसेवकाकडे पडताळणीसाठी जातो.

नवोदितांचे प्रशिक्षण बहुधा ‘मॅपाथॉन’ नावाच्या सामूहिक कार्यशाळेत होते. महाविद्यालयात, ग्रंथालयात किंवा कार्यालयात दोन-तीन तास एकत्र बसून हे शिक्षण दिले जाते. खाते उघडणे आणि रेषा काढणे काही मिनिटांत जमते. खरे शिक्षण असते ते छायाचित्र वाचण्याचे.

वरून पाहिलेले जग ओळखीच्या जगापेक्षा वेगळे दिसते. गवताची गंजी गोल झोपडीसारखी भासते, मोठा खडक घरासारखा दिसतो आणि कोरडा ओढा कच्च्या रस्त्याचा आभास निर्माण करतो. नेपाळमध्ये डोंगरउतारांवरील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीचे बांध आणि पायवाटा यांत गल्लत होण्याचा धोका असतो. अशा वेळी सावलीकडे पाहण्यास शिकवले जाते. उंच वस्तूची सावली पडते, सपाट जमिनीची पडत नाही. वाट घरापाशी जाऊन संपते की शेतातच विरते, हेही पाहावे लागते.

चुका आणि त्यांची किंमत

उपग्रहाने तिरप्या कोनातून छायाचित्र घेतलेले असल्यास इमारतीचे छप्पर पायापासून सरकलेले दिसते. नवखा स्वयंसेवक छपराची आकृती काढतो आणि ती तेथेच ठेवतो. वास्तविक ती आकृती इमारतीच्या पायावर आणून ठेवणे अपेक्षित असते. अनेकदा संपूर्ण छायाचित्रच प्रत्यक्ष स्थानापासून काही मीटर सरकलेले असते. ते आधी योग्य जागी बसवून घ्यावे लागते. जवळजवळ असलेली चार घरे एकाच आकृतीत कोंबणे, हीसुद्धा नेहमीची चूक आहे.

या चुका वरवर किरकोळ वाटतात. परंतु लसीकरण पथके किंवा धान्यवाटप करणारे कार्यकर्ते अनेक ठिकाणी घरांच्या संख्येवरूनच लोकसंख्येचा अंदाज बांधतात. चार घरांची नोंद एक अशी झाली, तर तीन कुटुंबे हिशेबातून वगळली जातात. ओढ्याला रस्ता म्हटले, तर मदतीचे वाहन भलत्याच ठिकाणी अडकून पडते.

स्वयंसेवकांच्या मर्यादाही अनुभवातून स्पष्ट झाल्या आहेत. २०१३ मध्ये फिलिपिन्सला ‘हैयान’ या चक्रीवादळाचा तडाखा बसल्यानंतर छायाचित्रांवरून पडझड झालेल्या घरांची नोंद करण्याचा प्रयत्न झाला. पुढे प्रत्यक्ष पाहणीशी ताडून पाहता यातील बऱ्याच नोंदी विश्वासार्ह नसल्याचे आढळले. छप्पर शाबूत असले, तरी खालच्या भिंती कोसळलेल्या असू शकतात. थेट वरून घेतलेल्या छायाचित्रात ते दिसत नाही. म्हणूनच नवोदितांना प्रामुख्याने घरे आणि रस्ते रेखाटण्याचे काम दिले जाते. नुकसानीचे मूल्यमापन तज्ज्ञांवर आणि प्रत्यक्ष पाहणीवर सोपवणे श्रेयस्कर ठरते.

कोणते छायाचित्र वापरण्याची परवानगी आहे, हाही प्रशिक्षणाचा भाग असतो. संगणकावर दिसणारा प्रत्येक नकाशा नकलून घेता येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये ‘बिंग’ची छायाचित्रे या कामासाठी खुली केली, तर गूगलच्या नकाशांवरून रेखाटन करण्यास मनाई आहे.

स्थानिकांचे ज्ञान

आकाशातून घर दिसते, परंतु गावाचे नाव दिसत नाही. एखादी इमारत शाळा आहे की दवाखाना, विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही, पावसाळ्यात वाट चालू असते की बंद, हे स्थानिक रहिवासीच सांगू शकतात. त्यामुळे दूरस्थ रेखाटन आणि पडताळणी यांनंतर प्रत्यक्ष जागेवर जाऊन माहिती गोळा करण्याचा टप्पा येतो.

नेपाळच्या यशाचे मूळ येथेच आहे. काठमांडू खोऱ्यात जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१२ पासून शाळा आणि रुग्णालये नकाशावर नोंदवण्याचे काम सुरू झाले होते. त्यातून २०१३ मध्ये ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ ही संस्था उभी राहिली. तिने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना नकाशे तयार करण्याचे शिक्षण दिले. भूकंप झाला, तेव्हा परदेशी स्वयंसेवकांना मार्गदर्शन करू शकतील आणि मदत यंत्रणांची गरज त्यांच्यापर्यंत पोहोचवू शकतील, असे तरुण नेपाळमध्ये तयार होते.

भारताचा सहभाग

आपत्तीच्या काळात उपग्रह छायाचित्रे विनामूल्य पुरवण्यासाठी अंतराळ संस्थांनी २००० मध्ये एक आंतरराष्ट्रीय सनद केली. भारतीय अंतराळ संशोधन संस्था म्हणजेच इस्रो २००१ मध्ये तिच्यात सहभागी झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळमध्ये आलेल्या महापुराच्या वेळी स्वयंसेवकांनी ओपन स्ट्रीट मॅपवर पूरग्रस्त भागांतील रस्ते आणि इमारतींची भर घातली. त्या अनुभवानंतर केरळ सरकारने २०१९ मध्ये ‘मॅपाथॉन केरळम्’ हा उपक्रम सुरू करून नागरिकांना आपल्या परिसराचा नकाशा तयार करण्याचे आवाहन केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे भारतीय नागरिक आणि संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगी घेण्याची अट शिथिल झाली. मात्र संवेदनशील बाबींची नोंद करण्यावरील निर्बंध कायम आहेत.

आता संगणकही छायाचित्रांतील घरे आपोआप ओळखू लागला आहे. तरीही त्याने काढलेली आकृती घराची आहे की गंजीची, हे तपासण्यासाठी माणसाची नजर आवश्यक ठरते आणि ती नजर प्रशिक्षणातूनच घडते. आपत्ती येण्यापूर्वी ज्या गावाचा नकाशा तयार असेल, त्या गावापर्यंत मदत पोहोचण्याचा मार्ग तितकाच सुकर होईल.