एका डोंगराची बीअर

दादाने फ्रीजमधून चंदेरी रंगाचं एक पाकीट काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं आणि उजव्या हाताने त्यावर सणसणीत चापट मारली. आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला. "झालं. आता हे फुगेपर्यंत बाकीची कामं उरकू," म्हणत त्याने पाकीट ओट्यावर ठेवलं आणि गॅरेजचं दार वर सरकवलं.

पाकिटात होतं द्रवरूप यीस्ट आणि त्याच्याच पोटात खाद्याची एक छोटी पिशवी. चापटीने पिशवी फुटते, यीस्ट जागं होऊन खायला लागतं आणि दोन-तीन तासांत पाकीट उशीसारखं टरारतं. यीस्ट जिवंत असल्याची ती खूण. विरजण लागलं की नाही हे आपण भांडं जरासं कलतं करून बघतो, त्यातलाच प्रकार.

हे पोर्टलंड शहरातलं, अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातलं. दादा माझा मावसभाऊ. साताऱ्याहून इकडे येऊन त्याला वीसेक वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी वर्षं तो घरी बीअर बनवतो. दर जूनमध्ये एक घाणा ठरलेला: स्ट्रॉबेरी घातलेली ब्लाँड एल. यंदा माझा मुक्काम नेमका त्याच दिवसांत पडला.

जूनमध्ये स्ट्रॉबेरी हेच मला आधी पचेना. आमच्याकडे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीत सुरू होते आणि उन्हाळ्यात संपते. जूनमध्ये तिथे धुकं, पाऊस आणि शाकारलेली घरं. इथे मात्र उन्हाळा तेव्हा कुठे उघडतो. शेतकऱ्यांच्या बाजारात शनिवारी सकाळी लोक रांग लावून 'हूड' जातीची स्ट्रॉबेरी घेत होते. लहान, आतपर्यंत लालबुंद, आणि इतकी नाजूक की संध्याकाळपर्यंत खोक्याच्या तळाशी रस साचतो. दूरच्या दुकानांत ती पाठवताच येत नाही. हंगाम जेमतेम तीन आठवड्यांचा.

हूड हे नाव डोंगराचं. आकाश निवळलं की शहराच्या पूर्वेला बर्फाचा एक शंकू दिसतो, ३,४२९ मीटर उंच. १७९२ मध्ये इंग्रज दर्यावर्दींनी त्याला आपल्या एका आरमारी अधिकाऱ्याचं, हूडचं, नाव देऊन टाकलं. त्याआधीच्या लोकांचं त्याच्यासाठीचं नाव वायईस्ट. चापट खाल्लेल्या पाकिटावर कंपनीचं नाव तेच होतं, कारण ती कंपनी त्याच डोंगराच्या उत्तर पायथ्याच्या खोऱ्यातली. दादाने मग हॉप्सची पुडी दाखवली: 'माउंट हूड', १९८९ मध्ये अमेरिकी कृषिखात्याच्या ऑरेगनमधल्या संशोधनातून आलेली जात. हूड स्ट्रॉबेरीही १९६५ मध्ये तिथल्याच सरकारी पैदास कार्यक्रमातून बाहेर पडली. नळाचं पाणी बुल रन नावाच्या जंगलातून येतं, तेही त्या डोंगराच्या पश्चिमेकडचं. १८९५ पासून शहर तेच पितं. 'सगळं इथलंच' ही फुशारकी मी एरवी फार ऐकून घेत नाही. पण फळ, हॉप्स, यीस्ट आणि पाणी असं चारही बाजूंनी एकाच डोंगराला धरून बसलेलं पेय माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

हा उद्योग अमेरिकेतही फार काळ उजळ माथ्याचा नव्हता. १९३३ मध्ये देशव्यापी दारूबंदी उठली, घरच्या वापरासाठी वाइन करायला मुभा मिळाली. बीअर मात्र राहून गेली. पुढची पंचेचाळीस वर्षं लोक तळघरात चोरून करत राहिले. पोर्टलंडच्या फ्रेड एकहार्टने १९७० च्या सुमारास घरी लागर बीअर कशी करावी यावर एक छोटेखानी पुस्तक काढलं, तेव्हा ते काम बेकायदाच होतं. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर बीअर करायला परवानगी मिळाली. विकायची नाही, एवढीच मुख्य अट. त्याच १९७८ मध्ये चार्ली पपाझियन या शिक्षकाने कोलोरॅडोत घरगुती बीअरवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. तरी राज्यांची परवानगी वेगळी लागायची; मिसिसिपी आणि अलाबामाने ती दिली थेट २०१३ मध्ये.

आता गॅरेजकडे. सहलीला नेतात तो मोठा कूलर, त्याच्या तळाशी जाळी आणि नळ. त्यात ६६ अंशांवरचं पाणी आणि भरड दळलेलं मॉल्ट: ३.८ किलो जवाचं, ४०० ग्रॅम गव्हाचं. मॉल्ट म्हणजे काय हे दादा मला समजावायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. आमची आजी नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळायची आणि बाळंतिणीला त्याचं सत्त्व द्यायची. जवाचंही तेच करतात. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरं तयार होतात; दाणा वाळवला की ती झोपतात, कोमट-गरम पाण्यात पडली की कामाला लागतात. ६६ अंश म्हणजे मधला मार्ग. त्याहून बरंच गरम केलं तर बीअर जाड, गोडसर होते. थंड ठेवलं तर पातळ, कोरडी.

तासाभराने त्याने नळ सोडला. आधी गढूळ आलेलं पाणी परत वर ओतलं, मग मधाच्या रंगाची धार लागली. चमच्याने चाखली. अगदी गोड, आणि वास थेट कुरडयांसाठी चीक शिजवतानाचा. वहिनी दारातून म्हणाली, "दर वेळी हे असं दरवळलं की शेजारीण विचारते, काय शिजवताय?"

तो रस अंगणातल्या मोठ्या गॅस शेगडीवर तासभर उकळायचा. सुरुवातीलाच ३० ग्रॅम हॉप्स. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, आणि ही वेल भांगेच्या कुळातली. ही माहिती दादा पाहुण्यांना न चुकता देतो. ती फुलं कडूपणासाठी, पण ब्लाँड एलमध्ये कडूपणा जेमतेमच. एकूणात ही बीअर मुद्दाम साधी: फिकट सोनेरी, मद्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास, भाजल्याचा वास नाही, हॉप्सचा दंगा नाही. बीअरचे दर्दी तिला नवशिक्यांची म्हणून नाकं मुरडतात. मला उलट वाटतं. जिथे लपायला जागा नाही तिथे हात कळतो. साधं वरण बिघडलं तर ते मसाल्याने झाकता येत नाही.

उकळी थांबली की सोवळं सुरू होतं. तोवर कशालाही हात लावा, पुढे नाही. तांब्याची वेटोळी नळी पातेल्यात सोडून तिच्यातून थंड पाणी खेळवायचं, रस २० अंशांच्या खाली आणायचा आणि यीस्टवाल्या पाकिटाची कात्रीसुद्धा जंतुनाशकात बुडवल्याशिवाय वापरायची नाही. आजीने दादाचं कौतुक केलं असतं, कशासाठी ते न विचारता. काचेचा तरंगता काटा, हायड्रोमीटर, रसात सोडला. आकडा आला १.०४७. पाण्याचा १.००० धरला तर वरचं सगळं प्रामुख्याने साखरेचं वजन. रस झाकणाच्या डब्यात ओतला, फुगलेलं पाकीट त्यात रिकामं केलं, झाकणावर वायू बाहेर सोडणारा पण हवा आत न घेणारा पाण्याचा एअरलॉक बसवला आणि डबा गॅरेजच्या गार कोपऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बुडबुडे इतके नेमाने येत होते की मी त्यावर घड्याळ लावलं असतं.

आणि स्ट्रॉबेरी? ती अजून फ्रीझरमध्ये. बाजारातून आणल्या दिवशीच धुऊन, देठं काढून, ३.६ किलो फळ गोठवलेलं होतं. गोठताना फळातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. वितळलं की रस आपोआप सुटतो, चिरायला नको. उकळत्या रसात फळ घालण्याची चूक पहिल्या वर्षी प्रत्येक जण करतो म्हणे. उकळलं की पेक्टिन सुटून बीअर गढूळ होते, आणि वास जातो तो जातोच. उरतो तो जॅमचा. शिवाय सुरुवातीला यीस्ट जोरात असताना फळ घातलं, तर बाहेर पडणारा वायू फळाचा सुगंधही सोबत घेऊन जातो. गॅरेजमध्ये स्ट्रॉबेरीचा घमघमाट सुटतो, बाटलीत येत नाही.

म्हणून आठव्या दिवशी, उकळल्यासारखं आंबणं शांत झाल्यावर. वहिनीचं चक्का बांधायचं मलमलचं फडकं, जंतुनाशकात भिजवलेलं, त्यात वितळलेली फळं. फडकं घट्ट बांधायचं आणि डब्यात भरपूर मोकळी जागा ठेवायची, यामागे इतिहास आहे. सुरुवातीच्या एका वर्षी दादाने फळं सुटीच टाकली होती. ती तरंगून वर आली, लगद्याने एअरलॉक चोंदला, आणि रात्री दोन वाजता झाकण छताला लागलं. गुलाबी डाग अजून आहे. वहिनीने तो रंगवू दिलेला नाही.

माझा सगळ्यात मोठा गैरसमज दुरुस्त झाला तो इथे. मला वाटत होतं, स्ट्रॉबेरी घातली की बीअर गोड होणार आणि चढणारही जास्त. फळात नव्वद टक्के पाणी आणि पाच-सहा टक्के साखर. साखर यीस्ट खाऊन टाकतं, तिचं थोडं मद्य होतं. पाणी मात्र तसंच राहतं. त्यामुळे बीअर आधीपेक्षा किंचित सौम्य होते. गोडवा गेला, आंबटपणा राहिला, आणि आता नाकाला जे जाणवतं तेवढीच स्ट्रॉबेरी. गोडव्याशिवाय स्ट्रॉबेरी ओळखू येईल का, हाच या पेयाचा खरा प्रश्न. दुकानी फ्रूट बीअर गोड लागते, कारण बहुधा तिच्यात नंतर रस किंवा अर्क घातलेला असतो. दादा त्याला शिवी समजतो.

नऊ दिवसांनी फडकं बाहेर काढलं. आतली फळं पांढरीफटक, शिजवून विसरलेल्या मुळ्यासारखी. रंग सगळा बीअरमध्ये उतरलेला, पण तो लाल नव्हे. सोनेरी रंगात मिसळून पीचच्या सालीसारखा गुलाबी-नारिंगी. हायड्रोमीटर १.००९ वर आला आणि तीन दिवस तिथेच थांबला. ते थांबणं पाहिल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत. साखर शिल्लक असताना बूच लावलं तर बाटली फुटते आणि काच लांब उडते. मग ११५ ग्रॅम साखरेचा पाक मोजून मिसळला, बाटलीत फेस तयार व्हावा एवढ्यापुरता. दोन क्रेट भरले, ४८ बाटल्या.

बुचं लावता लावता दादाने या फळाची कुळकथा सांगितली. १७१४ मध्ये फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने चिलीच्या किनाऱ्यावरून मोठ्या फळाची काही रोपं फ्रान्सला नेली. तिथे ती उत्तर अमेरिकेतल्या रानटी स्ट्रॉबेरीशी संकरली आणि आजची बागायती स्ट्रॉबेरी जन्मली. महाबळेश्वरची आणि हूडही त्याच घराण्यातल्या. चिलीतली ती जात ऑरेगनच्या वाळूतही आपसूक वाढते. फ्रेझिएचं आडनाव आणि फ्रेंचमधला स्ट्रॉबेरीसाठीचा शब्द जवळजवळ सारखे, हे साम्य त्याला जन्मभर पुरलं असणार.

मी परत यायच्या आधल्या रविवारी पहिली बाटली उघडली. पेल्यात पांढरा फेस, क्षणात बसलेला. पहिल्या घोटाला मला काहीच कळलं नाही: गार, कोरडं, जरा आंबट. घोट गिळल्यावर मागून वास आला. पिकून गेलेल्या, दुपारच्या उन्हात ठेवलेल्या फळाचा. पाचगणीच्या रस्त्यावर गाडीची काच खाली केली की येतो तो.

वाचकांपैकी कुणाला हात शिवशिवत असतील तर आधीच सांगते: महाराष्ट्रात हे घरी करता येत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि त्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते पाच टक्क्यांचं असो आणि घरच्यांपुरतं असो. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं घरात जॅम, क्रश, सरबत काय हवं ते करा. बीअर करायची तर ती परवानाधारक मायक्रोब्रुअरीने. कायदा पटो न पटो, तो माहीत असावा.

त्या रविवारी दादाने आणखी एक बाटली आणली, बुचावर गेल्या जुलैची तारीख लिहिलेली. दर वर्षी तो एक मागे ठेवतो, फक्त बघायला. रंग उतरून मळकट पिवळा झाला होता. वास ओल्या पुठ्ठ्याचा. स्ट्रॉबेरी कुठेच नव्हती. दोघांनी एकेक घोट घेऊन उरलेली गुलाबाच्या आळ्यात ओतली. स्ट्रॉबेरीची बीअर बाटलीत भरल्यापासून दोन महिन्यांत संपवावी, ठेवू नये.