दृष्टिपटलातील मज्जातंतूंची झीज : मल्टिपल स्क्लेरोसिस आणि काचबिंदू (लेखांक सहावा)

दृष्टिपटलाच्या आतल्या बाजूला गँग्लियन पेशींचा थर असतो. प्रत्येक पेशीतून एक लांब तंतू निघतो, पटलाच्या पृष्ठभागावरून ऑप्टिक नर्व्हच्या मुखापाशी येतो आणि तिथून मागे वळून मेंदूकडे जातो. एका डोळ्यातून असे सुमारे दहा ते बारा लाख तंतू बाहेर पडतात. डोळ्याच्या आत त्यांच्यावर मायलिनचे आवरण नसते, त्यामुळे तंतूंचा थर पारदर्शक राहतो आणि प्रकाश खालच्या पेशींपर्यंत पोहोचतो. लॅमिना क्रिब्रोसा नावाच्या सच्छिद्र जाळीतून तंतू पार झाले की मायलिन सुरू होते. काचबिंदूत तंतूंना इजा होते ती या जाळीतच. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ती होते जाळीच्या पलीकडे.

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि ऑप्टिक नर्व्ह यांच्या मायलिनवर हल्ला करते. हातापायांतल्या नसांपेक्षा ऑप्टिक नर्व्ह वेगळी आहे. ती मेंदूचाच पुढे आलेला भाग असून तिचे मायलिन मेंदूतल्याच प्रकारच्या पेशी तयार करतात. म्हणून एमएसची पहिली खूण अनेकदा डोळ्यात दिसते. तिला ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात. रुग्ण बहुधा तरुण असतो, त्यातही स्त्रियांचे प्रमाण जास्त. काही दिवसांत एका डोळ्याची नजर मंदावते आणि डोळा हलवला की दुखतो. एकच लाल वस्तू एकेका डोळ्याने पाहिली, तर आजारी डोळ्याला तिचा रंग विटलेला वाटतो. डॉक्टर टॉर्चचा झोत निरोगी डोळ्यावरून झटकन आजारी डोळ्यावर नेतात, तेव्हा त्या डोळ्याची बाहुली आकसण्याऐवजी मोठी होताना दिसते. व्यायामानंतर नजर तेवढ्यापुरती धूसर होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 मध्ये नोंदवले होते; गरम पाण्याने अंघोळ केल्यावरही तसेच होते.

बहुतेकांची नजर काही आठवड्यांत बरीच परत येते. इथेच फसगत होते. तक्त्यावरची अक्षरे वाचता आली, तरी सगळे तंतू शाबूत आहेत असे नसते. मायलिन गेलेले काही तंतू दाहात तुटतात आणि ती झीज उलट्या दिशेने, नर्व्हकडून डोळ्याकडे, सरकत मूळ पेशीपर्यंत येते. दृष्टिपटलात मायलिन नसूनही एमएसमध्ये ते पातळ होते, ते यामुळे. सुरुवातीला सूज असल्याने थर जाडच दिसतो. खरे नुकसान कळायला तीन ते सहा महिने जावे लागतात. निरोगी डोळ्यात तंतूंच्या या थराची सरासरी जाडी साधारण 90 ते 100 मायक्रॉन असते, आणि एका झटक्यानंतर त्यातले सुमारे 20 मायक्रॉन कमी झालेले आढळतात. ज्या डोळ्याला कधीच झटका आला नाही, त्यातही एमएसच्या रुग्णांत थोडी झीज सापडते. मेंदूत काय चालले आहे याचा अंदाज डोळ्यातून घेता येतो, ही मज्जाविकारतज्ज्ञांच्या दृष्टीने फार मोलाची सोय आहे.

काचबिंदूची गोष्ट संथ आहे. डोळ्यातल्या द्रवाचा निचरा नीट झाला नाही की दाब वाढतो, जाळी मागे वाकते आणि तिच्या छिद्रांतून जाणारे तंतू चेपले जातात. मेंदूकडून पेशीकडे येणारी पोषक द्रव्ये अडतात आणि उपासमार झालेली पेशी मरते. दाब 10 ते 21 मिलिमीटर पारा या नेहमीच्या मर्यादेत असूनही काहींना काचबिंदू होतो. म्हणजे दाब हे मोठे कारण असले तरी एकमेव नाही. जाळीचा वरचा आणि खालचा भाग विरळ असल्याने कमानीसारखे वळून येणारे तिथले तंतू आधी जातात. मध्यभागाचे तंतू उशिरापर्यंत टिकतात. म्हणून रुग्णाला बारीक अक्षर वाचता येते, दुखत काहीच नाही, आणि बाजूची नजर मात्र हळूहळू जात असते. अचानक दाब चढून डोळा लाल होणे आणि असह्य दुखणे हा काचबिंदूचा दुसरा प्रकार. त्यात रुग्ण निदान दवाखान्यात लगेच पोहोचतो.

एमएसमध्ये संथ काचबिंदूच्या उलट घडते. मध्यबिंदूकडून येणाऱ्या तंतूंना जास्त फटका बसतो, त्यामुळे रंग आणि समोरची नजर आधी बिघडते. नर्व्हचे मुख फिकट पडते, पण काचबिंदूत पडतो तसा खोल खळगा बहुधा पडत नाही.

तंतूंच्या थराची जाडी मोजणारे ओसीटी तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीमधील गटाने 1991 मध्ये प्रसिद्ध केले. यंत्र नर्व्हच्या मुखाभोवती सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर जाडी मोजते आणि हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांवर तिचा आलेख काढते. लाल रंग म्हणजे रोग असा अर्थ रुग्णाने काढू नये. मोठा मायनस नंबर असलेल्या निरोगी डोळ्यातही तो उमटतो. सरासरीचा एकटा आकडा कारण सांगत नाही. झीज कोणत्या बाजूला आहे, खळगा आहे का आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी काय दाखवते, हे एकत्र पाहावे लागते. झीज फार पुढे गेली की तंतू संपले तरी रक्तवाहिन्या आणि आधारपेशी उरतात, आणि आकडा 50 मायक्रॉनच्या आसपास अडकून राहतो.

मेलेली गँग्लियन पेशी परत उगवत नाही, त्यामुळे दोन्हीकडे उपचार उरलेले वाचवण्याचे आहेत. काचबिंदूत थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रियेने दाब उतरवतात. थेंब आयुष्यभर घालायचे असतात आणि नजर सुधारल्याचे जाणवत नाही, म्हणून अनेकजण ते मध्येच सोडतात. हे फार महागात पडते. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर तक्रार नसतानाही चाळिशीनंतर नियमित तपासणी हवी. ऑप्टिक न्यूरायटिसबद्दल अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1992 मध्ये आले : शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने नजर लवकर परतते, शेवटी मिळणारी नजर मात्र तेवढीच राहते, आणि नेहमीच्या मात्रेतल्या नुसत्या गोळ्यांनी झटके पुन्हा येण्याचे प्रमाण वाढले. एमएसचे पुढचे झटके रोखायला आता वेगळी औषधे आहेत.

स्टेरॉइडमुळे काहींच्या डोळ्यातला दाब चढतो, विशेषतः थेंब किंवा गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास. म्हणून वारंवार स्टेरॉइड घ्यावे लागणाऱ्या एमएसच्या रुग्णाचा डोळ्याचा दाब मोजायलाच हवा. डोळ्याच्या खाजेसाठी दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालणाऱ्यांनाही हाच धोका असतो. त्यात लहान मुलेही येतात.