चौसष्टांची मागणी

२०२५ सालच्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं जेवणाच्या पंक्तीस एक वाद निघाला. विषय वरकरणी अगदीं क्षुल्लक होता. आमच्या धाकट्या पुतण्यास संगणकावर विमान चालविण्याच्या खेळाचा नाद आहे. आणि त्याचें म्हणणें असें पडलें कीं, घरच्या संगणकाची आठ जी.बी. मेमरी अपुरी पडत असून ती चौसष्ट करावयास हवी. आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं ताबडतोब निकाल दिला कीं, खेळाकरितां एक पैही मिळणार नाहीं. मुलगा मान खालीं घालून गप्प जेवला, आणि तें गप्प बसणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. त्याची मागणी खरी कीं खोटी हें घरांतील कोणींच तपासलें नव्हतें. हिशेब न पाहतां दिलेला नकार हा हिशेब न पाहतां दिलेल्या होकाराइतकाच उधळा असतो, असें आमचें मत आहे. म्हणून ती तपासणी आम्हीं आपणांकडे घेतली. हा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांतून निघूं लागला असल्यामुळें तिची हकीगत येथें देत आहों.

प्रथम मेमरी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कारण आमच्या बंधूंची समजूत अशी कीं, संगणकांत पांचशें जी.बी. आधींच आहेत, मग हीं चौसष्ट आणखी कशाला? तीं पांचशें म्हणजे कोठीची खोली. तेथें धान्य, डाळी, लोणचीं वर्षभर राहतात. वीज गेली तरी जागचीं हालत नाहींत. मेमरी, म्हणजे बाजारांत जिला रॅम म्हणतात ती, स्वयंपाकघरांतील ओट्यासारखी. लागेल तो जिन्नस तेथें हाताशीं मांडावयाचा आणि स्वयंपाक आटोपला कीं सारें उचलावयाचें. ओटा अपुरा असला म्हणून स्वयंपाक बंद पडत नाहीं. पण चिमूटभर हिंगासाठींही सूनबाईस कोठींत जाऊन यावें लागतें. संगणकाचें असेंच आहे. मेमरी भरली कीं उरलेला जिन्नस तो डिस्कवरील ‘पेज फाइल’मध्यें ठेवतो आणि लागेल तेव्हां परत आणतो. डिस्क कितीही चपळ असली तरी मेमरीच्या मानानें ती फारच मंद. त्यामुळें खेळ एकाएकीं अडखळतो, क्षणभर गोठतो आणि पुन्हा चालूं लागतो. असें मधूनमधून अडखळणें हें मेमरीच्या तोट्याचें लक्षण होय. चित्र जर सदैव संथच हलत असेल, तर दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाचा असतो, आणि तेथें मेमरी कितीही घातली तरी ती व्यर्थ जाते.

मेमरीची भूक वाढती आहे हें मुलाचें म्हणणें मात्र खोटें नव्हे. आज घरोघर असलेल्या डायनॅमिक जातीच्या मेमरीचें पेटंट आय.बी.एम.मधील रॉबर्ट डेनार्ड यांस १९६८ सालीं मिळालें. त्याच कंपनीच्या १९८१ च्या पर्सनल कॉम्प्युटराचा सर्वांत स्वस्त नमुना अवघ्या १६ किलोबाइटांवर चाले. १९९३ च्या ‘डूम’ या खेळास ४ मेगाबाइट लागत. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ २०२० सालीं निघाला तेव्हां किमान ८ जी.बी. सांगितली होती, ती निर्मात्यांनींच २०२३ सालीं १२ केली. उलटपक्षीं ‘व्हॅलोरंट’सारख्या खेळाची किमान अपेक्षा ४ जी.बी.चीच आहे. तेव्हां ‘खेळाला किती लागते’ असा मोघम प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. कोणत्या खेळाला, असें विचारावें.

आतां हा चौसष्टांचा आंकडा आला कोठून? ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’च्या २०२४ च्या आवृत्तीसाठीं निर्मात्यांनीं तीन रकाने दिले आहेत : किमान १६, शिफारस ३२, आदर्श ६४. मुलाची दृष्टि तिसऱ्या रकान्यावर खिळली. पण रकाना हा वरपासून खालपर्यंत वाचावयाचा असतो! त्याच रकान्यांत ग्राफिक्स कार्ड आर.टी.एक्स. ४०८० च्या तोडीचें सांगितलें आहे, आणि त्या एका कार्डाची किंमत आमच्या सबंध यंत्राहून कितीतरी अधिक. आमच्या कार्डाची स्वतःची मेमरी ४ जी.बी.; ती निराळी असते, आणि संगणकाची मेमरी वाढविल्यानें कार्डावरची वाढत नाहीं. शिवाय मुलाजवळ होती ती २०२० ची आवृत्ति. तिचे रकाने ८, १६ आणि ३२ असे आहेत. हें दाखवितांच तो जरा ओशाळला, पण रुसला नाहीं. “काका, मग मोजूनच पाहूं या,” असें तोच म्हणाला.

रविवारीं सकाळीं मोजणी झाली. मुलानें लोहगांवाहून विमान उडविलें आणि सिंहगड, लोणावळ्याचा घाट असें करीत मुंबईवर नेलें; आम्हीं वही घेऊन शेजारीं बसलों. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यांत ‘परफॉर्मन्स’ आणि पुढें ‘मेमरी’ पाहावी. अर्ध्या तासानंतर ‘इन यूज’पुढें साडेसातांच्या आसपास आंकडा होता, म्हणजे ओटा जवळजवळ भरलेला. पण केवळ या आंकड्यावर विसंबूं नये. मोकळी जागा दिसली कीं विंडोज आणि खेळ दोघेही ती वापरूं लागतात, म्हणून मोठ्या यंत्रावर तोच खेळ अधिक खातांना दिसतो. आम्हीं खालच्या ‘कमिटेड’ या आंकड्याकडे अधिक लक्ष दिलें. चालू असलेल्या सर्व कार्यक्रमांनीं मिळून मागून घेतलेली ती रक्कम; प्रत्यक्ष वापर तिच्याहून थोडा कमीच असतो. तो आंकडा पावणेपंधरा होता. ब्राउझर बंद करवून पुन्हा उड्डाण केलें, तेव्हां तो तेरांच्या खालीं आला. अडखळणें कमी झालें; थांबलें नाहीं. मुंबईच्या इमारती दिसूं लागल्या कीं विमान हवेंत जागच्या जागीं खिळे.

म्हणजे मुलाची तक्रार खरी ठरली आणि मागणी चौपट. सोळांत त्याचें भागत होतें.

एरवीं आम्हीं म्हटलें असतें कीं, होऊं द्या बत्तीस, थोडी ऐस असावी. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांसाठीं लागणाऱ्या मेमरीकडे सॅमसंग, एस.के. हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन बड्या कारखानदारांनीं आपली शक्ति वळविली आणि २०२५ च्या अखेरीस घरगुती मेमरीचे भाव कित्येक ठिकाणीं दुपटीहून वर गेले. मायक्रॉननें तर त्या डिसेंबरांत आपली ‘क्रुशल’ ही ग्राहकांसाठींची शाखा बंद करण्याचें जाहीर केलें. आमच्या यंत्रांतील जुन्या डी.डी.आर. ४ लाही तीच झळ लागली. अशा दिवसांत गरजेपलीकडे घेतलेली प्रत्येक पट्टी म्हणजे महागाईंत भरलेली अडगळ. ज्या घरीं कोणी चलच्चित्रें संपादितो, किंवा जें यंत्र नवीनच घ्यावयाचें आहे, तेथें सोळांच्या दोन पट्ट्या घेणें आम्ही शहाणपणाचें समजूं. चौसष्ट मात्र केवळ खेळणाऱ्यास क्वचितच लागतील.

आम्हीं जुन्या पट्टीच्याच जातीची, वेगाची आणि मापाची आठांची एक पट्टी आणली. डी.डी.आर. ५ ची पट्टी डी.डी.आर. ४ च्या खांचेंत बसतच नाहीं, हें खरेदीपूर्वीं ध्यानांत ठेवावें. आणि लॅपटॉप असेल तर मेमरी मुळांतच पाटीवर जडविलेली नाहीं ना, हें आधीं पाहावें. वीज काढून, पेटीच्या धातूस हात लावून, मुलानें ती पट्टी जुनीच्या अगदीं शेजारीं बसविली. येथें आमचें चुकलें. सीपीयू-झेड नांवाच्या लहानशा कार्यक्रमांत पाहतों तों दोन्ही पट्ट्या एकाच मार्गानें चालत होत्या! यंत्राचें पुस्तक काढलें, तर त्यांत चार खांचांपैकीं दुसरी आणि चौथी वापरावी असें स्वच्छ लिहिलें होतें. पट्टी हलविली आणि दोन मार्ग खुले झाले. एका मार्गानें सेकंदास सुमारें २१ जी.बी. जात, ते दोहोंनीं ४२ झाले. आणि याला एक पैसाही पडला नाहीं.

त्या रात्रीं विमान मुंबईवरून जवळजवळ न अडखळतां गेलें. घाटावरील चित्राचा वेग मात्र होता तसाच राहिला. तो कार्डाचा प्रांत. बंधूंनीं पावती पाहिली, वहींतील आंकडे पाहिले, आणि पैसे दिले. दोन खांचा अद्याप रिकाम्या आहेत. त्या भरावयाच्या कीं नाहीं हें, अडखळणें पुन्हा सुरू झालें तर पाहावयाचें असें ठरलें आहे. दर महिन्यास ‘कमिटेड’चा आंकडा टिपून ठेवण्याचें काम मुलाकडे आहे, आणि वही बंधूंच्या कपाटांत असते.