पाना घ्यावा की गॅरेज गाठावं?
वायपरचं रबर, एअर फिल्टर, फ्यूज, बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेली पांढरी भुकटी ही कामं सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहज होतात. स्टेपनी बदलणं तर यायलाच हवं. घोडबंदर रोड किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरचे खड्डे मेकॅनिकची वेळ बघत नाहीत. ऑइल बदलणंही सोपं, पण जुनं ऑइल टाकणार कुठे? २०१६च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे, गटारात ओतायचा नाही. त्यासाठी तरी गॅरेज परवडतं. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, सीएनजी किट यांना हात लावू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर मुळीच शिरू नका.

खरी परीक्षा पावसाळ्यात. २६ जुलै २००५ला ठाणे-कल्याण पट्ट्याने पाहिलं तसं पाणी भरलं आणि गाडी बुडाली, तर ‘बघू या चालू होते का’ हा मोह महागात पडतो. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी पिस्टनला दाबता येत नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर पॉलिसीला जोडलेलं नसेल, तर नेहमीच्या विम्यातून हा खर्च सहसा मिळत नाही. चावी फिरवू नका, गाडी टो करूनच न्या.